सुनेच्या ओटीत मीही नारळ टाकला

आई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आता मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा ‘हो आई’च्या पुढे माझी मजल कधी गेली नाही.

लग्नाला सहाच महिने झाले होते. तुम्ही व्हिजिट व्हिसावर दुबईला, बर दुबई भागातल्या आमच्या घरी आलात आणि बॅग उघडायच्या आधीच म्हणालात, "गोड बातमी ऐकल्याशिवाय मी काही परत जायची नाही." मला नुकतीच खाडीपलीकडच्या डेरा भागात नोकरी लागली होती. सकाळी अबरात, त्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडताना मी कुणीतरी आहे असं वाटायचं. तेवढ्यात शेजारणीचं डोहाळजेवण निघालं. हॉलमध्ये वीस बायका, आणि तुम्ही तिच्या ओटीतला नारळ उचलून माझ्या पदरात टाकताय. "आता नंबर आमचा!" सगळ्या हसतात, मीही हसते. घरी आल्यावर तुमच्या मुलाला म्हटलं, दोन वर्षं थांबू या. ते म्हणाले, "आईला कोण सांगणार?" कुणीच सांगितलं नाही. तुमचा व्हिसा संपायच्या आत मला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात मी राजीनामा दिला.

माझ्या सुनेच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. पण गेल्या शनिवारी मीही तुमच्यासारखंच केलं. आमच्याच बिल्डिंगमध्ये डोहाळजेवण होतं. सून बँकेत आहे, तिची बढती तोंडावर आलीय, दोघांनी दोन वर्षं थांबायचं ठरवलंय, सगळं मला पक्कं ठाऊक. तरी मेला हात गेलाच. ओढणीत नारळ पडला तेव्हा ती हसली नाही. पेढा हातातच ठेवून निघून गेली.

रविवारी दोघं जेवायला आले. मुलगा बसता बसताच म्हणाला, "मम्मा, प्लीज. इट्स अवर डिसिजन. खलास." तिने त्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला तेव्हा मूल हवं होतं? की आजींना हवं होतं म्हणून?" मी वरणाचा डाव पातेल्यात ठेवला. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. एवढा दाढीवाला घोडा, पण डोळे पाच वर्षांच्या पोराचे. मी म्हटलं, "अगं, हो तर! मलाच घाई होती." तिची मान खाली गेली. "मला वाटलं, तुम्ही तरी माझ्या बाजूच्या असाल," म्हणाली, आणि निघताना लिफ्टपाशी, "ठीक आहे आई. बघतो आम्ही." हा सूर मी ओळखते. असंच म्हणून मी नोकरी सोडली होती.

मला नको होतं, आई. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाथरूमचा नळ सोडून मी रडले होते. तो झाल्यावर त्याच्यावर जीव जडला, अजून जडलेलाच आहे, पण ते सगळं नंतरचं. सुनेने काही ठरवायच्या आत तिला एकटीला फोन करून हे सांगायला हवं. तीन दिवस तिचा नंबर काढून बसते आणि फोन बाजूला ठेवते. मुलाच्या कानावर गेलं तर त्याचं मन मोडेल, अशी स्वतःची समजूत घालते. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला नातवंड हवं आहे, तिची बढती होवो न होवो.