मोसंबीच्या भावाचं पान

३ ऑक्टोबर २०००

चाललं! तातेराव शेठच्या मोसंबीच्या अडतीवर आज पहिल्यांदा शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, माझ्या प्रोग्रामने कॉम्प्युटरवर निघाली — माल, भाव, हमाली, तोलाई, सगळं बराबर. शेठनी कागद उलटसुलट करून पाहिला. "धर्मराज, हे मशीन माझ्या मुनिमापेक्षा कमी चहा पितं!" मुनीमही हसला.

या माणसाचे उपकार कसे फेडू? जालन्याच्या मोंढ्यात कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यांनी मागची खोली दिली, इंटरनेटसाठी स्वतःच्या फोनची लाइन दिली. आमचं घर आज या एका गिऱ्हाइकावर चालतं. देवा, असंच राहू दे.

८ ऑक्टोबर

पुण्याहून देवानंदचा फोन. कॉलेजातला दोस्त. त्याच्याच नादाने मी इंटरनेटवर मोसंबीच्या भावाचं पान काढलं — जालन्याचा अन् नागपूरचा रोजचा भाव, शेतकऱ्यांसाठी, फुकट. तेव्हा म्हणायचा, लोकांना दे, गर्दी जमली की पैसा आपोआप येतो. आता म्हणतो, गर्दीचं खूळ सोड, धंदेवाल्यांना सॉफ्टवेअर विक! वारा येईल तशी पाठ द्यावी, हे याच्याकडून शिकावं.

पण खोटं काय बोलला? पान उघडणाऱ्यांचा आकडा रोज दोन, फार तर तीन. त्यातला एक मी.

१२ ऑक्टोबर

मला उशीर झाला, तर उषानेच मोंढ्यातल्या खोलीवर जाऊन भाव टाकून ठेवले होते. अशी बायको नशिबाने मिळते. तिला सांगायची सोय नाही — डोक्यावर बसेल!

१६ ऑक्टोबर

शेठ भडकले. "माझ्याच खोलीत बसून, माझ्याच फोनवरून माझाच धंदा बसवून राह्यला तू! गाडी घेऊन येणारा माणूस आल्या आल्या मला नागपूरचा भाव ऐकवतो. ते पान बंद कर. न्हाई तर मशीन उचल."

तोंड पाडून घरी आलो. म्हणालो, तीन माणसांच्या पानासाठी पोटावर पाय आणायचा का? उषा भाकरी थापत होती. "तीनच माणसं वाचतात, तर शेठ कशाला चिडतील हो?"

पण ज्याने उभं केलं त्याच्या मनाविरुद्ध कसा जाऊ? उद्यापासून बंद.

१७ ऑक्टोबर

भाव टाकले नाहीत. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं.

१८ ऑक्टोबर

दुपारी अप्पांचा फोन — अंबडहून! माझे वडील फोन करतात ते कुणी गेलं तरच.

"धर्मा, कालपासून भाव लागला न्हाई. काय झालं?"

"कुठे लागला नाही, अप्पा?"

"इथं, कॉम्प्युटरच्या दुकानाच्या भिंतीवर. तुझं पान छापून रोज चिटकवतो नं तो. ते वाचूनच आम्ही ठरवतो, माल जालन्याला न्यायचा का नागपूरला. अंतरवालीची, शहागडची, सगळी लोकं तोडणी थांबवून बसलेत. जल्दी सांग."

एक छापील कागद, अन् गावंच्या गावं वाचतात! मी बसलो होतो आकडा बघत. अप्पांनी माझ्या कामाबद्दल आजवर एक शब्द विचारला नव्हता. डोळे भरून आले. भाव फोनवरच सांगितले, दोनदा. मग पान सुरू केलं.

उषा एवढंच म्हणाली, "मंग आता शेठना तुम्हीच जाऊन सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

१९ ऑक्टोबर

सांगितलं, पान बंद होणार नाही. शेठनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला, अन् खोलीची किल्ली मागून घेतली. मी पाया पडलो. राग आलाच नाही. कॉम्प्युटर उचलायला हमालही त्यांनीच दिला. दारातून बाहेर पडतोय तोच मागून हाक — "धर्मराज! ते नागपूरचं उद्या जरा जल्दी टाक. मलाबी माल पाठवायचाय."