तुला घास कोन भरवतं

शहापूर, २० नोव्हेंबर

प्रिय प्रमिलाताई,

तुझ्या पाया पडते. कंबर धरली आहे, म्हणून कागदावरूनच.

तुझे मेसेज पोचले. फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकून तू लगेच निकाल देतेस. इथे सगळं ठीक. भातं झोडून झाली, थंडी पडली आणि आमच्या समुपदेशन केंद्रातला पंखा दुरुस्त झाला. आता तो उन्हाळ्यापर्यंत लागणार नाही.

गेल्या महिन्यात कल्याणला आमचं प्रशिक्षण होतं. विषय : दुसऱ्यांची दुःखं ऐकून आपण कसं मोडू नये. एका गोड बाईंनी सांगितलं, संध्याकाळी सुगंधी मेणबत्ती लावा, टबमध्ये पडून राहा. माझा मुरबाडचा सहकारी अमित पुटपुटला, "मेणबत्ती लावतोच, लाइट गेली की. टबात धुणं भिजलंय."

तू बघून ठेवलेल्या डोंबिवलीच्या शाळेतल्या नोकरीचं विचारतेस. सांगते, पण आधी बुधीचं.

बुधी आटगावच्या पलीकडच्या वाडीवरची. तिची नात भादव्यात साप चावून गेली. या पावसाळ्यात अशी मयतं ऐकतच होते मी. नियमाप्रमाणे दार लावलं आणि तिला एकटीला समोर बसवलं. वाडीवर कुणी एकटं रडत नाही. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून रडतात. आम्ही त्यांना एकेक करून खोलीत घेतो आणि त्याला गोपनीयता म्हणतो. बाहेर तिची जाऊ लहानी दारावर थापा मारत होती, आत कोंडलंय काय म्हणून.

बुधी सांगत होती आणि मला, ताई, काहीच वाटत नव्हतं. मान हलवत होते, कारण मान हलवायचा सराव आहे. मग ती सहज म्हणाली की पोरीचे पाय गार पडले तेव्हा तिने ते पदरात गुंडाळून धरले. माझे हात थरथरू लागले ते थांबेनात. बुधीनेच उठून दार उघडलं.

हे तुला कळवलं नव्हतं. ऑगस्टपासून झोप नव्हती, हेही नाही. त्या दिवशी काम सोडायचं ठरवूनच घरी गेले.

पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा आल्या. फडक्यात तांदळाची भाकरी, सोबत बिनफोडणीची डाळ. मयताच्या घरी चूल पेटत नाही, दुसरं कुणीतरी आणून घास भरवतं, तो कडू घास. अण्णा गेले तेव्हा मामीने आपल्याला भरवला होता तसाच. मी बाणेदारपणे म्हटलं, पेशंटकडून काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे.

लहानी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमचं रडनं घेतेस, नि भाकर नाय घेत?"

बुधी शांतपणे म्हणाली, "इतकी मयतं आयकतेस गो बाय, तुला घास कोन भरवतं?"

काय सांगणार? मला पदवी आहे, घास लागत नाही, असं? तिने घास भरवला आणि मी रडले, चांगली मोठ्याने. लहानीने शेरा मारला, बाईला सूर नाय, पन दम हाय.

आता आम्ही दार उघडं ठेवतो. ज्यांना चालतं त्या बायका मिळून बसतात. जिला एकटीनं बोलायचंय तिला खोली आहेच. ऐकायला मी आणि अमित दोघं, आणि शेवटी सगळे एकत्र जेवतो. साहेबांनी विचारलं, या उपक्रमाचं नाव काय? मी म्हटलं, जेवण. त्यांनी अहवालात 'संस्कृतीसुसंगत आघात-प्रतिबंध' असं लिहिलं. बिचाऱ्यांना लिहावं लागतं.

तेव्हा डोंबिवलीला नाही म्हणून कळव. उद्या मुरबाडकडच्या एका वाडीवर जायचंय. धाऊ नावाच्या माणसाचा मुलगा विहिरीत बुडून गेला. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ठरलंय : माझे हात थरथरले तर मी उठून बाहेर यायचं आणि अमितने बसायचं. त्याचे थरथरले तर मी. त्यात लाज नाही.

काल रात्री जेवून पडले ती आज उन्हं अंगावर आल्यावरच उठले. शेजारच्या ललिताबाईंना वाटलं, मी गावाला गेले.

लपवलं म्हणून रागाव हवं तेवढं. काळजी मात्र आता सोड.

अजून इथलीच,
तुझी पारू