ऑक्टोपसचं तिसरं प्रकरण

२ मार्च, सोमवार
आजपासून पुस्तक वाचायला घेतलं. रीतसर. ऑक्टोपसच्या मेंदूवर आहे. आमच्या विज्ञान वाचक मंडळासाठी मीच निवडलं. मंडळ मी काढलं, पुस्तक मी निवडते, अध्यक्षही मीच. चारच डोकी आहोत, पण शिस्त आहे. मंडळाची एकच प्रत, ती घरोघर फिरते, आणि सभेआधी पुस्तकाबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम माझा. आधीच सगळं बोलून टाकलं तर सभेत काय एकमेकांची तोंडं बघायची?
पहिला नंबर अर्थात माझा. मलपृष्ठ वाचलं. उत्तम. पुस्तकाचा गाभा लक्षात आला.

५ मार्च
पहिलं प्रकरण झालं. जवळजवळ. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.
काहीतरी शिजतंय. ग्रंथालयात गेले तर काउंटरपाशी आमचा डेंटिस्ट आणि रिटायर्ड कॅशियर कुजबुजत होते. दोघेही मंडळाचेच. मला पाहताच डेंटिस्ट हवेबद्दल बोलू लागला. आजच्या हवेत बोलण्यासारखं काहीही नव्हतं. कॅशियर तर गप्पच. या माणसाला मी मनात कृष्णविवर म्हणते, कारण तो बोलायला लागला की समोरच्याची संध्याकाळ आत जाते ती बाहेर येत नाही. तो गप्प? संशयास्पद.
अठ्ठावीसच्या सभेत अध्यक्षाची निवड आहे. दर वर्षी असते आणि दर वर्षी मीच असते. यंदा वास येतोय.

७ मार्च
धाकट्या जाऊला सहज फोन केला. तीही मंडळात आहे. मीच घेतलं, तेवढाच तिच्या डोक्याला व्यायाम. म्हणाली, ताई, प्रत कधी सोडताय? म्हटलं, मी सखोल वाचते. तर म्हणते, हो ना, आम्हीपण तेच म्हणतो.
आम्ही म्हणजे कोण?

९ मार्च, सकाळी
उलगडा झाला. ही मंडळी पुस्तकं वाचतच नाहीत! मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघायचा आणि सभेत येऊन माना डोलवायच्या. अशा लोकांना खरा वाचणारा माणूस खुर्चीवर खपत नाही.
उपाय केला. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीची समोरासमोरची दोन पानं कडेला डिंकाचं बोट लावून चिकटवली. वाचणारा ती सोडवेल, न वाचणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. शुद्ध प्रयोग. बी.एस्सी. काही उगीच केलं नाही.
प्रत डेंटिस्टकडे रवाना. माझं उरलेलं वाचन ती परत आल्यावर. तेच बरं, सभेच्या वेळी सगळं ताजं राहील.

१३ मार्च
डेंटिस्टने प्रत जाऊकडे पोचवलीसुद्धा. एका दाढेसाठी हा माणूस महिनाभर खेपा घालायला लावतो, आणि अख्खा ऑक्टोपस आठवड्याच्या आत?

१८ मार्च
जाऊकडे चहाला गेले. प्रत टीव्हीशेजारी, तिच्यावर फुलदाणी. कुठवर आलीस, असं विचारलं. गोड हसून म्हणाली, ताई, सभेआधी बोलायचं नाही ना? माझ्याच नियमाने माझंच तोंड बंद. लबाड आहे.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पाळत ठेवतेस त्या वेळात पुस्तक वाचून झालं असतं. प्रयोग म्हणजे काय, हे ह्यांना लग्नापासून कळलेलं नाही.

२३ मार्च, दुपारी
कृष्णविवर प्रत देऊन गेला. दारातच उघडून पाहिली. पानं चिकटलेली! जशीच्या तशी! तिघांपैकी एकानेही तिसरं प्रकरण उघडलेलं नाही. गहिवरून आलं.

२३ मार्च, संध्याकाळी
उरलेलं वाचायला बसले आणि अडचण लक्षात आली. पुढे जायचं तर पानं सोडवावी लागणार, आणि सोडवली की पुरावा गेला. मधलंच प्रकरण उघडणं माझ्या शिस्तीत बसत नाही. तेव्हा वाचनाचा त्याग. तत्त्वासाठी माणसाला काय काय सोसावं लागतं.

२८ मार्च, सकाळी ९
भाषण तयार. सुरुवात सौम्य. मग प्रत उंच धरायची. मग शांतता. मग मतदान.

२८ मार्च, संध्याकाळी
प्रत उंच धरली, चिकटलेली पानं दाखवली. शांतता झाली. इथवर ठरल्याप्रमाणे.
मग जाऊने पर्समधून स्वतःची प्रत काढली. डेंटिस्टने ग्रंथालयाची. कृष्णविवराने विकत घेतलेली, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेली. म्हणाला, तुमच्याकडून यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही वर्षभर असंच करतो. आणि एवढ्यावर थांबलासुद्धा. मी विचारलं, मग मंडळाची प्रत घेता तरी कशाला? जाऊ म्हणाली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो ताई.
डेंटिस्टने ती चिकटलेली पानं एक्स-रे बघावा तशी ट्यूबलाइटसमोर धरली. आणि दुखणार नाही, असं सांगतानाचा त्याचा जो आवाज असतो, त्या आवाजात विचारलं, मग तुम्ही स्वतः तिसरं प्रकरण केव्हा वाचलंत?
मी म्हटलं, गाभा महत्त्वाचा.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मतदान: तीन विरुद्ध एक. जाऊ अध्यक्ष. पुढचं पुस्तक बुरशीवर.

३० मार्च
मंडळ सोडणार. राजीनामा कडक शब्दांत. मनात तयार आहे.

१ एप्रिल
राजीनाम्याबद्दल अजून कोणाचा फोन नाही. दिला नसल्यामुळे असेल.

३ एप्रिल, दुपारी
किटलीच्या वाफेवर धरून पानं सोडवली. एका ओळीचा थोडा टवका उडाला. राहिलेलं दुसरं प्रकरण वाचलं, मग तिसरं. मग चौथं. मग पाचवं. दूध उतू गेलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात! आणि मेंदूचं निम्म्याहून जास्त काम त्याच्या हातांतूनच चालतं! कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना.
जाऊला फोन लावला. म्हणाली, हो हो ताई, ते आमचं सगळं मागेच बोलून झालं. आता बुरशी घ्या ना वाचायला. तुमच्यासाठी प्रत ठेवू का?
ठेव म्हटलं.
हे बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. त्यांना तीन हृदयांचं सांगितलं. हे म्हणाले, हो, आणि पोहताना त्यातलं एक थांबतं. म्हणून ते बिचारं लवकर दमतं. त्यापेक्षा त्याला तळावरून सरपटत जाणं बरं वाटतं.
मी कपड्यांचा एक चिमटा उचलून त्यांच्या हातात दिला. हे सगळं ह्यांना कोणी सांगितलं, ते विचारलं नाही.