मंगलच्या डोक्यातली वीज

१२ जून १९८१
मं.ला आज पुन्हा फिट. लग्न झाल्यापासून दुसरी. भाकरी थापता थापता एका अंगावर कोसळली. मी शाळेतून नुकताच आलो होतो. आईने नाकाशी चप्पल धरली, मी दातांत चमचा घालायला बघत होतो. शुद्धीवर आल्यावर मं.चं पहिलं वाक्य : "स्टो बंद केला का?"
रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "पिंपळगावच्यांनी फसवलं आपल्याला." मं. आतच होती. ऐकलं असणार.

१४ जून
सासरे आले. द्राक्षबागेतून तसेच, पायांना माती. "शाळंत असताना दोनदा झालं व्हतं, जावईबापू. मंग नाय झालं. आम्हाला वाटलं, गेलं." आई त्यांच्याशी बोलली नाही. चहा मात्र दिला.
मं.ने स्वतःची ट्रंक भरून दारात आणून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी ट्रंक उचलून आत ठेवली. सासरे एकटेच परत गेले.
ती म्हणाली, "आज ठेवली. उद्याचं काय?"

१६ जून
आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी नीट समजावलं. बाहेरची बाधा नाही, वेड नाही. मेंदूचं काम विजेवर चालतं, ती कधी कधी एकदम उसळते, तीच फिट. वीज!! नववीला वर्षानुवर्षं वीज शिकवतोय मी, आणि हे ठाऊक नाही.
मुंबईचे एक मेंदूचे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या रविवारी गंगापूर रोडला एका दवाखान्यात येतात म्हणे. न्यूरॉलॉजिस्ट. नाव नोंदवून आलो.
आई : "वेड्यांचा डॉक्टर?" म्हटलं, नाही गं, मेंदूचा. तिला फरक पटलेला दिसला नाही.

२३ जून
वाचनालयात शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. मं. तांदूळ निवडत होती, मी वाचून दाखवत होतो. तासभर तरी. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे फ्यूज उडतो माझा." अगदी तसं नाही, पण मी खूश. ती पण हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

५ जुलै, रविवार
काय दिवस! आधी सगळं लिहून टाकतो.
न्यूरॉ. म्हणजे वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. मी सुरू झालो : फिट कधी, किती वेळ, हात कसे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, आता थोडं त्यांना बोलू द्या." आणि मं.कडे वळून, "फिट यायच्या आधी काही कळतं का तुम्हाला?"
मं. पदर बोटाला गुंडाळत बसली.
"पोटातून काही वर चढल्यासारखं?"
तिने एकदम मान वर केली. "हां! गळ्यापोत्तर येतं. आन् रबर जळाल्याचा वास. कोणालाच येत नाय तो. आन् वाटतं, हे समदं आधी झालंय, ह्याच जागी." मग एकदम थांबली. "मला वाटायचं मी येडी व्हायला लागले."
डॉ. म्हणाले, "नाही हो. असं सांगणारे पुष्कळ पेशंट मी पाहिलेत. तीच फिटची सुरुवात."
ती रडली आणि हसली, एकदमच.
परतताना रिक्षात विचारलं, मला का नाही सांगितलंस कधी? "तुम्ही इचारलं कधी? तुम्ही सांगत व्हते."
खरंय.
डॉ.नी बजावलंय : चप्पल नको, कांदा नको, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघायचं. लवकर थांबली नाही तर दवाखाना.

१८ जुलै
मुंबई. ई.ई.जी. मं.च्या डोक्याला चिकट मलम लावून तारा डकवल्या. कागद सरकतोय आणि शाईच्या सुया आपोआप नाचतायत. तिच्या मेंदूची वीज कागदावर!! तिथल्या बाईंना मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी मला बाहेर बसवलं.
येताना गाडीत मी अजून त्याच नादात. मं. केसांतलं मलम खरवडत म्हणाली, "तुम्हाला माझ्यापरीस तो कागदच लय आवडला." खिडकीकडे तोंड करून बसली. इगतपुरीला वडा आणून दिला तेव्हा बोलली.

२ ऑगस्ट
डॉ.नी कागद पाहिला. मेंदूच्या एका बाजूने सुरुवात होते. गोळ्या सुरू. एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायच्या नाहीत, नाहीतर फिट जोरात उलटेल. सध्या विस्तवापाशी आणि विहिरीपाशी एकटं जायचं नाही. "बरी होईल?" मी विचारलं. "बऱ्याच जणांच्या थांबतात. बघू या." बघू या तर बघू या! पेढे घेऊन आलो. आई म्हणाली, अजून कशात काय नाही. पण खाल्ला.

९ सप्टेंबर
फिट आली. लहानशी. मी शाळेत होतो, घरी आई एकटी. आल्यावर आईच सांगत सुटली, "वास आला म्हणाली, मी लगेच खाली बसवली. कुशीवर केली. डोक्याखाली माझं लुगडं दिलं. घड्याळात बघत होते, पण चष्मा नव्हता रे!"
चप्पल कुठे आहे, ते मी विचारलं नाही.
डॉ.ना ट्रंक कॉल. गोळी थोडी वाढवली.

३० ऑक्टोबर
त्यानंतर एकही नाही. दिवाळीला मं. एकटी एस.टी.ने माहेरी जाऊन आली. आई नको म्हणत होती, पण स्टँडवर तीच सोडायला गेली आणि कंडक्टरला सगळं समजावून आली. परत आली ती द्राक्षांच्या गोष्टी घेऊन, फिटबद्दल चकार शब्द नाही. जूनपासून भरलेली ती ट्रंक रिकामी करून तिने त्यात स्वेटरं ठेवलीत.

२९ नोव्हेंबर
मं.ला दिवस गेलेत!
आईचे डोळे भरून आले. दहा मिनिटांनी म्हणाली, "आता त्या गोळ्या बंद. पोरावर परिणाम व्हायचा." मी म्हटलं, अचानक बंद केल्या तर फिट येईल, ते तर आणखी वाईट. आई पण घाबरलेली, मी पण. आवाज चढले.
मं. मधे उभी. "गोळी मी घेते का तुम्ही दोघं?" आणि आमच्यासमोर पाण्याबरोबर घेतली. "आईतवारी डॉक्टरला मी इचारीन."

६ डिसेंबर
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. आई शेजारी. मी मं.सोबत उठलो तर म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. मी बोलते." आणि दार लावून घेतलं.
मघाशी आत ती हसली. आईने माझा हात धरला.
आता डॉ. हळू काहीतरी सांगतायत, शब्द कळत नाहीत. मं. मधेच विचारतेय. बऱ्याच वेळा.
खुर्ची सरकली. मं. येतेय.