आई आजारी पडली तर

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परदेशातल्या इस्पितळाची मुलाखत वीस तारखेला आहे. बाकी जमतं, पण इंग्रजीतले जर-तरचे प्रश्न आले की माझी दातखीळ बसते. ‘आई आजारी पडली तर काय कराल?’ यात क्रियापद भूतकाळी का? ती पडलीच नाही ना अजून! काल सलाईन लावताना पुटपुटत होते, तर पेशंटनेच घाबरून विचारलं की सिस्टर, कुणाची आई? शाळेत पोरांना शिकवतोस, तसं बहिणीलाही शिकव. आईला सांग, मी वेळेवर जेवते. (थाप आहे.)

लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीतही दिसू दे.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तो भूतकाळ काळाचा नव्हेच. गोष्ट नुसती कल्पनेतली आहे, हे सांगायला क्रियापद एक पाऊल मागे सरकतं. म्हणून ‘इफ शी फेल इल’, आणि उत्तराला ‘आय वुड’. खरोखर घडेलसं वाटलं, तर साधा वर्तमान आणि ‘विल’.

आता लपवत नाही. आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती, ती मी मोडली. कुशीवर वळवताना कळवळते गं. मला ते जमत नाही. तरी ये म्हणत नाही. मुलाखत दे.

अक्षर बिघडलंय, माया तीच आहे.
दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नेमका तोच प्रश्न आला. तू शिकवलेलं ‘वुड’ ओठांवर होतं, पण बाहेर पडलं ‘माय मदर इज इल’. मुलाखत घेणाऱ्या बाई समजुतीने म्हणाल्या, की हे फक्त धरून चालायचं आहे, ‘वुड’ने सुरुवात करा. ‘आय वुड गो होम’ म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तरीही निवड झाली. दहा एप्रिलला निघायचंय. नाहीतर जागा दुसरीला. मधे घरी यायला रजा नाही. दादा, मी काय करू? आईला विचारू नकोस, ती जाच म्हणेल.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र माझ्या हातात पाहूनच आईने ओळखलं. जा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. हल्ली वळवताना कण्हतही नाही, मी तुला कळवीन म्हणून.

तीनदा लिहून फाडलं. ये म्हणवत नाही, जा म्हणवत नाही. हे पत्रही उद्या-परवा टाकीन. ते पोचेपर्यंत तू तुझं ठरवून मोकळी झालेली असशील, एवढीच भेकड आशा आहे.

रागाव हवं तर, पण परकी होऊ नकोस.
दादा