शनिवारच्या सोयीसाठी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे बाळ छान आहे. दूध ओढतं, तुझ्यासारख्याच कपाळाला आठ्या घालतं. चिमीही ठीक आहे.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या वंध्यत्वाच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावायला बाळाचा फोटो हवा. भाचा म्हणून नव्हे, तुझ्या हातचं यश म्हणून! मिळणार नाही.

चिमी ठीक आहे म्हणजे काल तिनं मला ओळखलं. रक्तदाब भडकला म्हणून घाईनं ऑपरेशन करून बाळ काढलं. नंतर तिला झटके आले. आत नेताना ती म्हणाली होती, "दादाला सांगू नकोस गं, त्याच्या जिवाला लागेल." म्हणून तुला नुसतं 'दोघं सुखरूप' कळवलं. आता लागू दे!

आपल्या या धाकट्या बहिणीची पाळी कधी चुकली नव्हती. गोठवलेला गर्भ पोटात ठेवायला तिचं स्वतःचं पाळीचं चक्र पुरेसं होतं. माझ्यासमोर तिनं विचारलं, "गोळ्यांशिवाय नाही का होणार?" तू हसलास. "अगं, तुझ्या चक्रानं रविवार निघाला तर मी काय रविवारी दवाखाना उघडू? गोळ्या घे, शनिवारी सगळ्याजणी उरकतात."

उरकतात! बाया आहेत की धुण्याचा ढीग?

गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार होतं, पण स्त्रीबीज सुटत नाही. मग ते सुटल्यावर मागे राहणारी, आईच्या रक्तवाहिन्यांना गर्भारपण पेलायला मदत करणारी ग्रंथीही बनत नाही. रक्तदाबाचा धोका वाढतो. झटके गोळ्यांमुळेच आले असं मी म्हणत नाही. ते कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. जिला पाळीच येत नाही तिला गोळ्यांवाचून इलाज नसतो, हेही कबूल. पण चिमीला होता. आणि तिनं विचारूनही तू धोक्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

आज ती म्हणते, "एक गर्भ अजून दादाकडे आहे ना? बरी झाले की जाईन."

जाईल. तिचा हक्क आहे. पण आधी इथल्या डॉक्टरांना विचारायचं, तिच्या जिवाला हे पेलेल का. मग सगळे धोके तू तिच्या तोंडावर सांगायचे आणि तिच्या चक्राप्रमाणे चालायचं, मग रविवार येवो नाहीतर तुझी सुट्टी. जमत नसेल तर तसं तिला स्पष्ट सांग; तिच्या सहीनं तो गर्भ आम्ही दुसरीकडे हलवू. फक्त पुन्हा हसून वेळ मारून नेऊ नकोस.

अजून तरी तुम्हा दोघांची बहीण,
माई