आठवं कडवं

मेन राज्याचा किनारा, अमेरिका, ३ ऑक्टोबर १९६८

चि. लव्हिनास, ऑरिनदादाचे अ. उ. आ.

माझ्या होडीला सील लागल्यापासून तू बेटावर, मी किनाऱ्यावर. मधे दोन मैल पाणी आणि आठवड्याची टपालबोट. आज घाबरून लिहितो आहे. बंदर खात्याच्या वकिलाने न्यायाधीशांकडे अर्ज दिलाय, की या प्रकरणात वाद असा काही नाहीच, तेव्हा सुनावणी न घेता कागदांवरच निकाल द्यावा आणि माझा होडीचा परवाना रद्द करावा. चूक माझीच. पहिल्या नोटिशीला मी लिहून मोकळा झालो, की होय, बंदी असताना धुक्यात उतारू नेला. म्हटलं, बाकीचं समोर उभा राहून सांगेन. आरशापुढे भाषण पाठ करत होतो गं, शाळेत करायचो तसं! आता माझं तोंड कुणी बघणारच नाही.

जिवावर बेतलं असेल तर धुक्यात होडी नेता येते, असा नियम आहे. पण ते पंधरा दिवसांत शपथपत्रावर हवं, उतारूच्या नावासकट. आणि तुझं नाव सांगणार नाही असा शब्द मी दिलाय. तो मोडणार नाही. चाळीस वर्षं ओढलेली वल्ही भिंतीला लागतील, एवढंच. माया आहे तशी राहू दे.

तुझा दादा

बेट, ९ ऑक्टोबर

ती. ऑरिनदादास सा. न.

शब्द मी घेतला होता, मीच परत देते. तू म्हणजे अगदी धन्य आहेस! दुकानदार क्लिफर्डला शपथपत्रं करून द्यायचा अधिकार आहे. त्याच्यापुढे काल सही केली: छातीत कळ, ओठ निळे, बेटावर डॉक्टर नाही, टपालबोटीला दोन दिवस अवकाश. क्लिफर्डने वाचलं म्हणजे बेटाने वाचलं, म्हणून माझ्या एव्हरेटला आधी मीच तारेने कळवलं. ज्याची भीती होती तेच झालं. पोराची तार आली, की घर विकू, बॉस्टनला चल. त्याच्या चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही, दादा. मलाही झोप नाही.

सुनावणी मिळालीच तर वकील विचारेल, की दिसत नव्हतं तर वाट कशी काढली. सांग त्याला, शाळेतली ती लांबलचक कविता म्हणत वल्हवतोस. धक्का सोडला की पहिलं कडवं, आठव्याला खडक, तिथे डावीकडे. हसेल मेला. हसू दे. तू कवळी लावून जा म्हणजे झालं. तुझ्या मायेत मला जागा असू दे.

तुझी लव्हिना

किनारा, २५ ऑक्टोबर

चि. लव्हिनास अ. उ. आ.

लखोटा सकाळीच आला, दुपारपर्यंत तो फोडायचा धीर होईना. न्यायाधीश लिहितात, की जीव धोक्यात होता की नव्हता हाच वाद आहे आणि तो कागदावर मिटणार नाही. खात्याचा अर्ज नामंजूर. बारा नोव्हेंबरला पूर्ण सुनावणी. मी रडलोच, आणि लगेच नवी भीती. शपथेवर बोलायचं म्हणजे सगळंच खरं बोलायचं. त्या सकाळी तुझ्या निळ्या ओठांकडे बघता बघता मी आठवं कडवं विसरलो होतो. खडक कुठे ते कळेना. तू डोळे मिटून पडली होतीस. पुढची ओळ तूच पुटपुटलीस आणि मी होडी वळवली. आठवतंय तुला?

परवाना जावो की राहो, विचारलं तर हे सांगणार. मात्र एव्हरेटला म्हणावं, आईला सुनावणीला घेऊन ये. तू माझ्याजवळच्याच खुर्चीत बस. कालपासून म्हणून बघतोय गं, आठव्यालाच अडतोय.

वाट बघणारा,
दादा